‘जतन करणे’, ‘साठवणे’, ‘नोंदवणे’: नंतर वाचायच्या लेखांसाठी योग्य क्रियापद कोणते?

प्रश्न
नंतर वाचायचे लेख ठेवून देणारी पॉकेट ही सेवा बंद झाल्यापासून दुसरी सोय शोधणाऱ्यांसाठी मी मराठीत एक टिपण लिहिते आहे. ‘सेव्ह’साठी सगळीकडे ‘जतन करणे’ वापरले. पण ‘पॉकेटमध्ये जतन केलेले लेख नव्या सेवेत नेता येतात’ या वाक्याशी अडले आहे. ते खटकते, पण का ते सांगता येत नाही. शिवाय अशा सेवेला मराठीत म्हणावे काय?

प्रतिसाद
व्याकरण ठीक आहे, अर्थ चुकतो. पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी बंद झाले. निर्यात करून हाती आली ती सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाईल. तिच्यात शीर्षक, दुवा, लेख कधी टाकला ती वेळ, टॅग आणि वाचला की नाही एवढेच होते. लेखाचा मजकूर नव्हता. म्हणजे नेता येते ती यादी.

‘जतन’ हा ‘यत्न’चा वंशज. हस्तलिखितांचे जतन म्हणतो तेव्हा वस्तू टिकावी म्हणून कोणी तरी काळजी घेत आहे, हे त्यात आलेच. नुसता दुवा टाकून ठेवण्यात असली काळजी कोणीच घेत नसते. मूळ पान उडाले की दुवा निरुपयोगी. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४च्या अहवालानुसार २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यामुळे जुन्या यादीतले बरेच दुवे आता कुठेच पोचणार नाहीत, हेही टिपणात यायला हवे.

मी तीन क्रियापदे वेगळी ठेवेन. फक्त दुवा ठेवला तर ‘नोंदवणे’. सेवेने मजकूर आपल्या सर्व्हरवर ठेवला तर ‘साठवणे’. प्रत आपल्या हातात, आपल्या फाईलमध्ये असेल तरच ‘जतन करणे’.

प्रतिसाद
बोलताना सगळे ‘सेव्ह केलं’च म्हणणार आणि त्यात काही बिघडत नाही. टिपणात मात्र हा फरक हवाच, कारण पर्याय निवडताना नेमका तोच उपयोगी पडतो. इन्स्टापेपर ही पॉकेटसारखीच सेवा २००८पासून चालू आहे, पॉकेटची सीएसव्ही घेते आणि मजकूर साठवते. रेनड्रॉप ही सेवा मुळात वाचनखुणांसाठी (बुकमार्कसाठी) आहे. वॉलाबॅग हे सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर बसवता येते, म्हणून तिथला मजकूर खऱ्या अर्थाने आपल्याकडे राहतो. पण सर्व्हर सांभाळणेही आपल्याकडेच येते. एखादाच महत्त्वाचा लेख असेल तर सिंगलफाईल हे ब्राउझरचे एक्स्टेन्शन पुरे. ते चित्रांसकट अख्खे पान एका एचटीएमएल फाईलमध्ये उतरवते.

प्रश्नकर्ती
मग वाक्य असे करते: ‘पॉकेटमध्ये नोंदवलेल्या लेखांची यादी आधीच निर्यात केली असेल तर ती नव्या सेवेत नेता येते, मजकूर मूळ पानावरून पुन्हा आणावा लागतो.’ आणि ‘मुक्तस्रोत सेवा निवडा, ती बंद पडत नाही’ असे लिहिले तर?

प्रतिसाद
ते लिहू नका. ऑम्निव्होर हे अशाच कामाचे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत होते, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला होता, तरी त्याची सेवा नोव्हेंबर २०२४मध्ये बंद झाली. उरला तो कोड. ‘मुक्तस्रोत’ हे विशेषण सॉफ्टवेअरचे आहे, सेवेचे नाही. ‘मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, सेवा कोणी तरी चालवलेली’ असे दोन्ही वेगळे लिहा.

‘बंद पडणे’ही तपासा. यंत्र बंद पडते, वापरणारे नसले की दुकान बंद पडते. पॉकेट मात्र ते चालवणाऱ्या मोझिलाने बंद केले. कर्ता असताना तो लिहावा, म्हणजे निर्णय कोणी घेतला आणि आपला डेटा कोणाकडे होता हे वाचकाला कळते.

प्रतिसाद
नावाबद्दल कोणीच बोलले नाही. २००७ साली पॉकेट सुरू झाले तेव्हा त्याचे नावच ‘रीड इट लेटर’ होते, २०१२मध्ये ते बदलले. मराठीत ‘नंतर वाचा सेवा’ अवघडलेले वाटते. ‘वाचनयादी’ सहज रुळेल: ‘हा लेख माझ्या वाचनयादीत आहे’. मजकूरही ठेवणाऱ्या सेवेला मी ‘वाचनसाठा’ म्हणेन. समास सरळ आहे आणि वरच्या ‘साठवणे’शी जुळतो.