जपानी पहिलीची सरावपुस्तिका प्रौढाने सोडवावी का?

विजापूर रोड (धागाकर्ता):

गेल्या डिसेंबरात पुण्याला जाऊन मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ ही मधली पातळी दिली आणि उत्तीर्ण झालो. त्यानंतर जपानमध्ये नोकरीला असलेल्या मामेभावाने तिथल्या पहिलीच्या मुलांची कांजीची (जपानीत वापरतात त्या चिनी चित्राक्षरांची) सरावपुस्तिका आणून दिली. पहिलीत ८० कांजी शिकवतात. त्या साऱ्या मला वाचता येतात, म्हणून पुस्तिका एका बैठकीत संपेल या समजुतीने मी पेन्सिल हाती घेतली, आणि ८० पैकी १९ कांजी मला नीट लिहिताच आल्या नाहीत.

याचे कारण परीक्षेच्या रचनेत आहे. जेएलपीटीत सर्वांत सोप्या एन-५पासून सर्वांत अवघड एन-१पर्यंत सगळीकडे दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे असते. एकही अक्षर स्वतःच्या हाताने लिहून दाखवावे लागत नाही. पहिलीच्या मुलापुढे मात्र हिरागानातले (उच्चाराप्रमाणे लिहायच्या अक्षरमालेतले) एक छोटे वाक्य आणि त्याशेजारी रिकामी चौकट एवढेच असते. 'इतो', म्हणजे सूत, ही कांजी मी चार वर्षे ओळखतो, आणि आमच्या घरात दोन पिढ्या माग चालल्यामुळे ती मला जवळचीही वाटते. ती सहा रेघांत लिहायची असते. मी वरची दोन वळणे पेन्सिल उचलून प्रत्येकी दोन तुकड्यांत काढत होतो, त्यामुळे माझ्या सुताला आठ रेघा झाल्या होत्या. 'मिगी' (उजवा) आणि 'हिदारी' (डावा) या कांजींचा वरचा भाग सारखाच दिसतो, पण उजव्यात तिरकी रेघ आधी येते आणि डाव्यात आडवी, हेही मला त्या पुस्तिकेनेच शिकवले.

शुद्धलेखनाचेही तसेच. 'ओतोओसान' (वडील) यातला लांबलेला ओ लिहिताना 'उ' हे अक्षर वापरतात, पण 'कोओरी' (बर्फ) आणि 'ओओकामी' (लांडगा) यांत मात्र 'ओ'च लिहितात. कानाला फरक कळत नाही. 'नीती' आणि 'स्थिती' यांतली पहिली वेलांटी जशी आपल्या हाताला ठाऊक असावी लागते, तसेच हे आहे. मोबाइलवर लिहिताना योग्य शब्द आपोआप पुढे येतो आणि आपल्याला ते येते असा भ्रम टिकून राहतो.

म्हणून माझे मत असे आहे की आपले जपानी कितपत मुरले आहे हे पाहायचे असेल, तर प्रौढांच्या सराव परीक्षांपेक्षा मुलांच्या पुस्तिका अधिक खऱ्या आहेत. जपानमधील 'कांजी केंतेई' ही परीक्षाही याच पायऱ्यांनी चढते: तिची दहावी पातळी पहिलीच्या ८० कांजींची, तर पाचवी पातळी सहावीअखेरच्या १,०२६ कांजींची असते, आणि मुलांप्रमाणे प्रौढही ती देतात. मी आता क्रमाने सहावीपर्यंत जायचे ठरवले आहे. आपणास हे पटते का?

सात रस्ता:

मला हे पटत नाही. मी अनेक वर्षे सोलापुरात जपानीच्या शिकवण्या घेते आणि या पुस्तिकांपायी चांगल्या विद्यार्थ्यांची वर्षे गेलेली पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

या पुस्तिका ज्या मुलासाठी आहेत, ते मूल पहिलीत बसते तेव्हा अस्खलित जपानी बोलत असते. त्याला बोलता येणारी भाषा लिहायला शिकवणे, एवढेच त्या पुस्तिकेचे काम आहे. आपले सारे उलटे असते. 'वा' हा प्रत्यय उच्चारी 'वा' असला तरी लिहिताना 'हा' हे अक्षर वापरतात. जपानी मूल तो दोन वर्षांचे असल्यापासून बोलते आणि म्हणूनच लिहिताना हटकून चुकते. त्यासाठी पहिलीत त्याच्याकडून तो पुन्हा पुन्हा गिरवून घेतात. आपण तो पहिल्या आठवड्यात पुस्तकातूनच शिकलो, त्यामुळे आपण त्यात चुकत नाही. मग त्या पानावर मिळालेले पैकीच्या पैकी गुण कशाचे? आणि त्याच प्रत्ययाच्या जागी 'गा' कधी वापरायचा, जिथे आपण सगळे अडखळतो, ते त्या पुस्तिकेत कोणी विचारणारच नाही, कारण मुलाला तो प्रश्नच पडत नाही.

कांजींचा क्रमही मुलाचा आहे. 'मुशी' (किडा) आणि 'काई' (शिंपला) पहिलीत येतात, 'एकी' (रेल्वे स्टेशन) तिसरीत येते, आणि 'वाताशी' (मी) ही कांजी थेट सहावीत येते. नोकरीसाठी जपानला निघालेल्या तरुणाने शिंपला आधी आणि स्वतःला शेवटी लिहायचे का? माझा एक हुशार विद्यार्थी मूळ पुस्तक बाजूला ठेवून वर्षभर या इयत्ता चढत राहिला. त्याचे अक्षर इतके सुंदर झाले की मी ते इतरांना दाखवत असे. मुलाखतीत मात्र समोरच्या जपानी गृहस्थांशी आदरार्थी रूपांत त्याला चार वाक्ये सलग बोलता आली नाहीत, आणि त्या दिवशी त्याचा उतरलेला चेहरा मी विसरलेले नाही. मी हे इतक्या आग्रहाने सांगते ते त्यामुळेच.

अशोक चौक:

आमच्या घरात तेलुगू बोलतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्यासारख्या कित्येक मुलांना मराठी शाळेत पहिलीचे पुस्तक हाती पडले तेव्हा मराठी येतच नव्हती, आणि ते पुस्तक मराठी येते असे गृहीत धरूनच लिहिलेले होते. त्यामुळे सात रस्ता यांचे म्हणणे मला अनुभवाने माहीत आहे. मला सातातून तीन वजा करता येत होते, 'किती उरले?' या शब्दांपाशी मात्र मी थांबत असे. बाईंनी फळ्यावर नुसती आकडेमोड लिहिली की माझा हात सर्वांत आधी वर जायचा आणि तेच गणित शब्दांत आले की मी पाटीकडे पाहत बसायचे.

पण यातून मी काढते तो निष्कर्ष वेगळा आहे. मला मराठी दिली ती भाषेच्या पुस्तकाने नव्हे, गणिताच्या पुस्तकाने. तिथे उत्तर आधीच ठाऊक असे, म्हणून शब्दांचा अर्थ मागून कळत गेला. जपानी शिकतानाही मी तेच केले. पहिलीच्या गणितात 'आवासेते' (मिळून), 'नोकोरी' (उरलेले), 'चिगाई' (फरक) हे शब्द पानोपानी येतात. दुसरीतले पाढे तर प्रत्येकाने तोंडाने म्हणून पाहावेत. आपण 'बे दुणे चार, बे त्रिक सहा' म्हणतो, तिकडे 'नि निन गा शी, नि सान गा रोकू' म्हणतात. उत्तर एका अंकाचे असेपर्यंत मधला 'गा' राहतो आणि दोन अंकी झाले की तो गळतो, म्हणून दोन पंचे दहा हे 'नि गो जू' होते. आठांचा उच्चारही बदलतो: आठ गुणिले आठ म्हणजे 'हाप्पा रोकुजूशी'. हे एन-३च्या कोणत्याही पुस्तकात मला सापडले नाही, आणि जपानी माणूस हिशोब पुटपुटतो तो याच शब्दांत. तेव्हा कांजीची पुस्तिका बंद करावी आणि गणिताची उघडावी, असे माझे मत आहे.

विजापूर रोड:

अशोक चौक, पाढ्यांचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आपले मनापासून आभार.

सात रस्ता मॅडम, कांजींच्या क्रमाबाबत आपले म्हणणे मी मान्य करतो. आमच्या गावाचा धंदा म्हणजे विणणे. त्यासाठीची 'ओरु' या शब्दाची कांजी पाचवीत येते, आणि मला ती कधीच येत होती. क्रमाने सहावीपर्यंत चढायचा बेत मी सोडतो. पण शिकण्याचे साधन आणि तपासण्याचे साधन यांत फरक आहे, आणि आपण दिलेले उदाहरण पहिल्या प्रकारात मोडते. त्या विद्यार्थ्याने पुस्तिकेलाच पुस्तक केले. मी तिच्यावर फक्त स्वतःला घासून पाहतो आहे. १९ कांजी येत नाहीत हे मला दुसऱ्या कोणी सांगितले होते?

सात रस्ता:

तपासायचेच असेल तर नीट तपासा. आपल्या पुस्तिकांच्या गठ्ठ्यात चित्रे मोजायचे पान नक्की असेल, जिथे आकड्याला शब्द जोडून पेन्सिली 'होन'ने आणि मांजरे 'हिकी'ने मोजतात. ते आधी लिहून सोडवा. मग पान दुसऱ्या कोणाच्या हाती द्या, त्यांनी चित्रावर बोट ठेवायचे आणि आपण विचार करायला न थांबता तोंडाने उत्तर द्यायचे. जपानी मूल हे पान तसेच सोडवते. लिहिणे ते नंतर करते. दोन्ही वेळचे गुण येथे प्रामाणिकपणे लिहा.

एक सूचनाही देते. जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल करतात आणि चुकीच्या उत्तरावर आपल्या बरोबरच्या खुणेसारखी खूण करतात. माझे विद्यार्थी तपासलेले पान पाहून उगाच आनंदून जातात.

विजापूर रोड:

काल रात्री मॅडमनी सांगितले तसे केले. धाकट्या बहिणीला जपानीचा गंधही नाही, म्हणून तिच्याकडे उत्तरांचे पान देवनागरीत लिहून दिले आणि चित्रांचा क्रम तिने मनाने बदलला. एकूण २० चित्रे होती: एक ते दहा पेन्सिली आणि एक ते दहा मांजरे. लेखी २० पैकी २० आले. तोंडी १५ आले.

सात रस्ता:

चुकलेली पाच कोणती?

विजापूर रोड:

सान्बोन, रोप्पोन (तीन आणि सहा पेन्सिली), सान्बिकी, रोप्पिकी, हाप्पिकी (तीन, सहा आणि आठ मांजरे). जिथे 'ह'चा 'ब' किंवा 'प' होतो, नेमक्या तिथेच मी चुकलो. एकाचे 'इप्पोन' आणि 'इप्पिकी' बरोबर आले, कारण ते रोज बोलण्यात येतात. हे पाच मला हाताने येतात आणि जिभेला येत नाहीत. आज रात्री बहीण पुन्हा पान घेऊन बसणार आहे, आणि तिने सुरुवात सहा मांजरांपासून करायची असे ठरले आहे.