उधाणाची रात्र, डेलावेअर बे (अनुभव धागा)

सागरगोटा: आज कॅलेंडरवर बुद्धपौर्णिमा दिसली आणि डेलावेअर बे आठवला. न्यू जर्सीत असताना मे महिन्यातल्या पुनवेला रात्रीच्या भरतीला जायचो. काळोखात नुसती खडखड, कवचावर कवच आपटल्याची. अंडी घालायला किनाऱ्यावर आलेले हॉर्सशू क्रॅब, घोड्याच्या नालेसारख्या कवचाचे समुद्री प्राणी. मादी मोठी, तिला मागून धरलेला नर, भोवती आणखी तीन-चार. एक उलटा पडून पाय हलवत होता. कडेने धरून सुलटा केला. जरा वेळ तसाच बसला, मग वाळूत रेघ ओढत पाण्यात शिरला. ती रेघ अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्हीही लिहा.

उनाड_पाणी: शेपटीला धरून उचलू नका कुणी!! नांगी नाही ती. उलटा पडला की त्याच शेपटीच्या आधाराने सुलटा होतो तो.

तुतवार: रीड्स बीच, पक्ष्यांना त्रास नको म्हणून बांधलेल्या दोरीच्या अलीकडून आम्ही. रेड नॉट पक्षी! विटकरी छाती, चोच शिवणयंत्राच्या सुईसारखी वाळूत खालीवर. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाहून येतात, जायचं कॅनडाच्या आर्क्टिकला. मध्ये इथे दोनेक आठवडे या खेकड्यांची अंडी खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात. अंडी कमी पडली तर पुढचं उड्डाणच अवघड. पूर्वी मासेमारीच्या आमिषासाठी खेकडे भरमसाट पकडायचे, न्यू जर्सीत २००८ पासून बंदी आहे. फार बरं झालं.

हर्णैकरीण: आई आली होती तेव्हा मी भरतीचं वेळापत्रक शोधत बसले, ती म्हणाली, अगं पुनव आहे, उधाण असणारच, चल. साडी खोचून तिने अकरा सुलटे केले. प्रत्येकाला "जा बाबा घरी". आई जाऊन दोन वर्षं झाली.

सागरगोटा: ताई, वाचून गलबलून आलं.

क्यूसीवाली: इंजेक्शनात जिवाणूंचं विष नाही ना, हे तपासायची एलएएल टेस्ट मी रोज लावते. ती यांच्याच निळ्या रक्तापासून. खरा प्राणी अजून पाहिला नाही. यावर्षी जायचंच.

ओहोटी: आपल्याकडे ओडिशात चांदीपूरला पाहिला, फाटक्या जाळ्यात गुरफटलेला. गाडीच्या किल्लीने एकेक दोरा घासून तोडला. नवरा हाका मारतोय, ट्रेन चुकेल म्हणून.

उनाड_पाणी: मग? वाचला का?

ओहोटी: हो. ट्रेनपण मिळाली.

कुकर_लावून_आले: @हर्णैकरीण, हर्णैत कुठे? माझं आजोळ पाजपंढरी

हर्णैकरीण: अगंबाई, शेजारीच की! बंदराकडे घर. व्यनि करते.