मदत हवी आहे: ईएल३४ च्या अँप्लिफायरमध्ये एकच व्हॉल्व्ह लाल होतोय

नमस्कार मंडळी. नागपूरला महाल भागातल्या आमच्या घरी बाबांनी जपलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) स्टिरिओ अँप्लिफायर आहे. दर चॅनलला ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची एक जोडी, पुश-पुल (दोघं आळीपाळीने उलट बाजूंनी काम करतात), आणि जोडीला मिळून बायसचा (गाणं नसतानाचा करंट ठरवणाऱ्या निगेटिव्ह व्होल्टेजचा) एकच प्रीसेट, म्हणजे फिरवायचा स्क्रू. दिवाळीत चारही व्हॉल्व्ह बदलले. ‘मॅच्ड’, म्हणजे सारखा करंट घेणारे, म्हणूनच घेतले होते.

प्रत्येक कॅथोडखाली (व्हॉल्व्हचं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) १ ओहमचा रेझिस्टन्स टाकलाय, म्हणजे मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. चालू करून पाच मिनिटं झाली की चारही जागी ३७ ते ३९. डावा चॅनल तासभर तिथेच असतो. उजव्यातला मागचा व्हॉल्व्ह मात्र चढत जातो: ४४, ५२, वीस मिनिटांत ६४. प्लेटला (इलेक्ट्रॉन गोळा करणारं टोक) ४३० व्होल्ट आहेत, म्हणजे जवळजवळ साडेसत्तावीस वॅट. ईएल३४ ची मर्यादा २५. दिवा मालवला की प्लेटच्या कडेला नखाएवढा मळकट लाल डाग दिसतो आणि बघता बघता पसरतो. त्याच वेळी उजव्या स्पीकरमधून घुंऽऽ सुरू होतं. मी लगेच बंद करतो.

प्रीसेट फिरवून त्याला ४० वर आणलं तर शेजारचा पार खाली जातो, आणि वसंतराव देशपांड्यांची तान वर गेली की आवाज फाटतो. दुरुस्तीवाले काका म्हणतात, जोडी बिघडली, चारही नवे घ्या. एवढा खर्च लगेच झेपणार नाही. खरंच व्हॉल्व्हच गेला असेल का?

उत्तर

भाऊ, आधी पैसे घालू नका. उजव्या चॅनलमधले दोन्ही व्हॉल्व्ह आपसात बदला. लाली व्हॉल्व्हबरोबर पुढच्या सॉकेटवर गेली तर व्हॉल्व्ह खराब. मागच्याच सॉकेटवर राहिली तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे, दोष सर्किटमध्ये. तसं झालं तर ते दोन्ही काढून ठेवा, बाकी अँप्लिफायर अर्धा तास तापू द्या आणि दोन्ही सॉकेटच्या ग्रिडवरचा (करंटवर ताबा ठेवणारी जाळी, बायस इथेच येतो) व्होल्टेज मोजा. मला कपलिंग कंडेन्सरचा संशय आहे, म्हणजे आधीच्या ड्रायव्हर व्हॉल्व्हकडून फक्त आवाज ग्रिडवर आणणारा आणि डीसी अडवणारा. तो गरम झाल्यावर गळायला लागला की ड्रायव्हरच्या प्लेटवरचा पॉझिटिव्ह व्होल्टेज ग्रिडपर्यंत पोचतो आणि निगेटिव्ह बायस खातो, म्हणून करंट चढतो. एक हात खिशात ठेवूनच मोजा. बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, तो रेझिस्टन्समधून उतरवल्याशिवाय आत बोट घालू नका.

धागाकर्ता

दादा, तुमचं अगदी बरोबर निघालं! अदलाबदल केली तरी लाली मागच्याच सॉकेटवर. थंड असताना दोन्ही ग्रिडवर उणे ३७. अर्ध्या तासाने पुढच्यावर उणे ३७, मागच्यावर उणे ३२. पाच व्होल्टांनी एवढा घोळ केला! इतवारीतून ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर आणले आणि चारही बदलले. काल तासभर वाजवून पाहिलं: ३८ आणि ४१, लाली नाही, घुंही जवळजवळ गेली.

आता हा ३ चा फरक चालेल का? आणि एक अडचण: आमच्याकडे दुपारी सगळ्यांचे कूलर चालू असताना मेन्स २२६ असतो, रात्री अकरानंतर २४८. बायस नेमका कधी लावू?

उत्तर

३ चालतो. घुं गेली तीही त्याचमुळे: दोन्ही बाजूंचा करंट सारखा असला की सप्लायचा १०० हर्ट्झचा रिपल (व्होल्टेजचा चढउतार) आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारतो. बायस रात्री लावा, मेन्स सगळ्यात जास्त असताना. तेव्हा प्लेट ४३० व्होल्टच्या वर गेलेली असेल, म्हणून ती आधी मोजा आणि २५ वॅटच्या सत्तर टक्के धरा. ४६० निघाली तर साडेसतरा वॅट भागिले ४६०, म्हणजे ३८ मिलिअँपिअर. दुपारी थोडा कमी भरला तरी व्हॉल्व्हला धोका नाही. फिलामेंटचा (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचा) व्होल्टेजही त्याच वेळी मोजा. ६.९ च्या वर जात असेल तर मेन्सला स्टॅबिलायझर लावा, आणि मे महिन्यात कूलरची ओली हवा थेट तापलेल्या काचेवर येऊ देऊ नका.