गिरगावातली चाळ, मेट्रो-३ आणि परतीची वाट

प्रश्न: मुंबईत मेट्रो-३ च्या कुलाबा ते सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मार्गावर गाड्या धावू लागल्या. परंतु गिरगाव स्थानकासाठी आमची पागडीची (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन, पुढे नाममात्र भाड्याने राहण्याची) चाळ पाडली गेली, तेव्हापासून आम्ही उपनगरात भाड्याने राहत आहोत. भाडेपावती दिवंगत आजोबांच्या नावावर आहे. चाळीच्या बदल्यात मिळणाऱ्या नव्या घराच्या ताब्यात अडचण येईल का?

उत्तर १: येऊ शकते. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमतिपत्रे, जुनी वीजबिले आणि शिधापत्रिका जोडून पात्र रहिवाशांच्या यादीत आत्ताच वारसाचे नाव लावून घ्यावे, आणि पर्यायी जागेचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला आहे ना, हेही तपासावे. जागा देण्याच्या नुसत्या पत्रावर विसंबू नका.

उत्तर २: आमची इमारत वाचली, पण शेजारीच खोदकाम झाले. जिन्याजवळची भेग वाढते का हे कळावे म्हणून तिच्यावर चिकटवलेली काचेची पट्टी तडकली, त्याच दिवशी तारखेसह छायाचित्र काढून ठेवले; पुढे दुरुस्ती मागताना तेच कामी आले.

उत्तर ३: कागदांइतकेच शेजारी जपा. आमचे बिऱ्हाडकरू विरारपासून डोंबिवलीपर्यंत पांगले, तरी दर महिन्याला भेटतात, कारण एकट्याचा अर्ज टेबलावरच पडून राहतो.