कॉम्प्लेक्सचा मेंटेनन्स खर्च वाढला, गाळेधारकांकडून वाढीव रक्कम कशी घ्यायची?

गाळामालक, जळगाव

राम राम मंडळी. रिंग रोडच्या बाजूला तळमजला अधिक तीन मजल्यांचं कॉम्प्लेक्स आहे, मालकी एकाचीच. चटई क्षेत्र १२,००० चौ. फूट, प्रत्येक मजल्यावर ३,०००. तिसऱ्या मजल्यावरचे १,५०० चौ. फूट रिकामे आहेत. खाली दुकानं, वर क्लिनिक, क्लास, सीएचं ऑफिस आणि एका मोठ्या कंपनीची शाखा.

२०२१ च्या करारांत मेंटेनन्स सरसकट ४ रु. प्रति चौ. फूट दरमहा लिहिला आहे. म्हणजे जमा ४२,०००. खर्च आता असा: वॉचमन दोन पाळ्या २४,०००, कॉमन लाईट बिल १८,०००, सफाई ११,०००, जनरेटरचं डिझेल ७,०००, अग्निशमन, टाकी सफाई आणि किरकोळ दुरुस्ती ६,०००, उन्हाळ्यातले टँकर वर्षभरावर पसरले तर ५,०००, लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभाल करार) ४,०००. बेरीज ७५,०००. दरमहा ३३,००० पदरचे जातात. शिवाय लिफ्टचे दोर बदलायला १,८०,००० आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ३,२०,००० लागणार आहेत. घरपट्टीही वाढून आली आहे.

सगळ्यांना सरळ ६.२५ रुपयांचं पत्र देता येईल का? दोघांच्या करारात मेंटेनन्सचा शब्दच नाही, देतात मात्र तेही ४ रुपयेच. तळमजल्यावाले म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही तर तिचे पैसे का द्यायचे. आणि दोर, गच्ची, घरपट्टी यांतलं काय लावता येतं?

करारनामा, धुळे

भाऊ, पत्र टाइप करायच्या आधी सगळे करार टेबलावर मांडा आणि त्यांचे तीन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा: आकडा ठरलेला आहे, पण वाढीची अट नाही. इथे मुदत संपेपर्यंत ४ म्हणजे ४. डिझेल महागलं हे खरं असलं तरी करारातला आकडा तुम्हाला एकट्याने बदलता येत नाही. समोरचा राजी असेल तर पुरवणी करार करा आणि तोही नोंदवा.

दुसरा गठ्ठा: मेंटेनन्सचा उल्लेखच नाही. ते ४ रुपये आजवर चालत आलेल्या पावत्यांवर उभे आहेत. त्या पावत्या जपा. पण त्यांच्या जोरावर ६.२५ मागता येणार नाहीत. नूतनीकरणाच्या वेळीच हा विषय काढा.

तिसरा गठ्ठा: ‘प्रत्यक्ष खर्चाच्या प्रमाणात’ असं काही लिहिलेलं आहे. तिथे आजपासून मागणी करता येते, फक्त हिशेब बिलांसकट द्यावा लागेल.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ भाडेकरूंना लागू आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी किंवा अधिक भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या कलम ३ नुसार त्यातून बाहेर आहेत. तुमची मोठी कंपनी यात बसत असेल तर तिथे करारात लिहिलंय तेच चालेल. बाकीच्या भाडेकरूंना कलम ११ नुसार भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करता येते. घरपट्टीसाठी कलम १२ आहे: पालिकेने कर नव्याने लावला किंवा वाढवला तर तेवढी वाढ भाड्यात घेता येते, पण प्रत्यक्ष वाढीपेक्षा एक रुपयाही जास्त नाही. त्यासाठी जुनी आणि नवी अशी दोन्ही बिलं जोडून पत्र द्या.

लिव्ह अँड लायसन्सवर जागा दिली असेल तर मुख्यतः करारातल्या अटी पाहिल्या जातात. पण वर लायसन्स लिहून आत पूर्ण, एकहाती ताबा दिलेला असेल तर कोर्ट नाव सोडून व्यवहार बघतं, हे ध्यानात असू द्या. आणि करार नोंदलेला नसेल तर कलम ५५ तुमच्या विरोधात जातं. अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य धरलं जातं, चूक असेल तर ती सिद्ध करायची जबाबदारी मालकावर.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: कोणी वाढीव रक्कम दिली नाही म्हणून त्याचं पाणी तोडायचं नाही, लिफ्ट किंवा जिन्यातला दिवाही बंद करायचा नाही. कलम २९ नुसार या अत्यावश्यक सेवा आहेत. थकबाकीची मागणी वेगळ्या मार्गाने करा.

हिशेबवही, भुसावळ

सरसकट ६.२५ हाच मुळात चुकीचा आकडा आहे, कारण तळमजल्यावाल्यांचं म्हणणं बरोबर आहे. खर्चाचे तीन वाटे करा.

पहिला वाटा सगळ्यांचा: वॉचमन २४,०००, सफाई ११,०००, अग्निशमन वगैरे ६,००० आणि कॉमन लाईट बिलातला पार्किंग, पंप, बाहेरचे दिवे हा भाग, समजा ८,०००. एकूण ४९,०००. याला १२,००० ने भागा, ४.०८ येतात.

दुसरा वाटा फक्त वरच्या ९,००० चौ. फुटांचा: लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांचं उरलेलं लाईट बिल १०,०००, डिझेल ७,०००, एएमसी ४,०००. एकूण २१,०००, म्हणजे २.३३. जनरेटरवर दुकानांचे पॉइंट असतील तर मात्र डिझेल पहिल्या वाट्यात जाईल.

तिसरा पाण्याचा ५,०००. क्षेत्रफळावर वाटलं तर ४२ पैसे. पण क्लिनिक आणि सीएचं ऑफिस यांचा पाण्याचा वापर एक नाही. मजल्यावर येणाऱ्या पाइपवर पाऊण इंची वॉटर मीटर बसवा आणि टँकरचं बिल रीडिंगवर वाटा.

म्हणजे तळमजला ४.५० आणि वरचे मजले ६.८३. पडताळा: ३,००० गुणिले ४.५० म्हणजे १३,५०० आणि ९,००० गुणिले ६.८३३ म्हणजे ६१,५००. बेरीज ७५,०००. दुकानांची वाढ जेमतेम ५० पैसे आहे, ते तयार होतील. पटवण्याचं काम वरच्यांचं आहे.

भागाकार नेहमी १२,००० नेच करा, भरलेल्या १०,५०० ने नाही. रिकाम्या १,५०० चौ. फुटांचे १०,२५० तुमच्याच खात्यावर राहतात. ते इतरांवर टाकले की पहिला भांडणारा भाडेकरू तेच पकडतो. आणि क्षेत्र सगळ्यांचं एकाच मापाने धरा. एकाचं चटई आणि दुसऱ्याचं बिल्टअप धरलं तर बेरीज कधीच जुळणार नाही.

लाईट बिलाची ८ आणि १० अशी वाटणी मी अंदाजाने धरली आहे. तुम्ही अंदाज करू नका, लिफ्ट पॅनेलच्या फीडरवर वेगळा सबमीटर लावा. तो लावताना कॉमन मीटरवर आणखी काय काय लटकलंय तेही बघा. एकेक एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा खटका) पाडून पाहिली की कळतं. गच्चीवरच्या होर्डिंगचे दिवे, वॉचमनच्या खोलीतला कूलर, एखाद्या दुकानाचा बाहेरचा बोर्ड हे सर्रास त्यावर सापडतात. होर्डिंगचं भाडं मालक घेतो आणि दिव्यांचं बिल गाळेधारक भरतात, हे एकदा उघड झालं की पुढच्या कुठल्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आता मोठे खर्च. दोर हा झिजणारा भाग आहे, तो वरच्या मजल्यांना लावता येतो, पण एका वर्षात नाही. पाच वर्षांवर पसरवा: वर्षाला ३६,०००, भागिले ९,०००, म्हणजे ४ रु. वर्षाला, महिन्याला साधारण ३३ पैसे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग इमारतीच्या ढाच्याचं काम आहे, ते मालकाचं. रंगकाम, प्लास्टर, नवी लिफ्ट, मालकाच्या कर्जाचं व्याज, दलाली, वकील फी यांतलं काहीही मेंटेनन्समध्ये घालू नका.

करसल्ला, जळगाव

जीएसटीबद्दल लिहितो, कारण तिथे हमखास घोळ होतो.

भाडं आणि मेंटेनन्स मिळून वर्षाला २० लाखांच्या वर जात असेल तर नोंदणी लागते आणि दोन्हींवर १८ टक्के लागतात. नोंदणी असेल तर लिफ्टच्या एएमसीवर, सफाई एजन्सीच्या बिलावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम तुमच्या भरायच्या करातून वजा होते. मग खर्चाच्या वाट्यात मूळ रक्कमच धरा. एएमसीचं ४,००० चं बिल करासकट असेल तर त्यात मूळ ३,३९० आणि कर ६१०. तुम्ही ६१० चं क्रेडिटही घेतलं आणि ४,००० वाटून वर पुन्हा १८ टक्के लावले, तर गाळेधारक कराचे पैसे दोनदा भरतोय. जाणता सीए हे पाच मिनिटांत पकडतो, आणि तुमच्या भाडेकरूंत तर सीएच बसलेत.

वॉचमन तुमच्या पगारावर असतील तर त्यात जीएसटी नाही. एजन्सीकडून असतील आणि ती एजन्सी कंपनी नसेल, मालकाच्या नावाची किंवा भागीदारीची असेल, तर नोंदणीकृत मालकाला रिव्हर्स चार्जने स्वतः कर भरावा लागतो.

गाळ्याच्या आतली वीज सबमीटरवर मोजून महावितरणच्या दरानेच, एक पैसाही न वाढवता वसूल केली आणि बिलात वेगळी दाखवली, तर तिच्यावर जीएसटी नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे. तीच वीज भाड्यात किंवा मेंटेनन्समध्ये मिसळली की १८ टक्के लागले. कॉमन लाईट बिल मेंटेनन्सचाच भाग असल्याने त्यावर कर येतो.

एखादं कपड्याचं दुकान कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची ठरीव दराची जीएसटी योजना) असेल तर त्याला क्रेडिट मिळत नाही, म्हणजे ४.५० त्याला ५.३१ ला पडतात. त्याच्याशी बोलताना करासकटचाच आकडा सांगा.

गाळामालक, जळगाव

हिशेब लख्ख कळला, मनापासून आभार. होर्डिंगचे दिवे खरंच कॉमन मीटरवर आहेत, ते या आठवड्यात वेगळे करतो. क्रेडिट काढून आकडे पुन्हा मांडतो. आता नव्या करारात नेमकं लिहायचं काय? वरच्यांना ४ वरून एकदम ६.८३ म्हटलं तर दोघं जागा सोडतील असं वाटतं.

करारनामा, धुळे

कलमाचा मसुदा देतो, वकिलाकडून तपासून घ्या:

‘मेंटेनन्स शुल्क भाड्याव्यतिरिक्त राहील. ते परिशिष्टात नमूद केलेल्या खर्चांपुरतेच असेल व गाळ्याच्या चटई क्षेत्राच्या प्रमाणात आकारले जाईल. मालक दर वर्षी १ एप्रिलपूर्वी अंदाजपत्रक देईल व त्यानुसार मासिक रक्कम घेतली जाईल. वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब दिला जाईल. फरक जास्त असल्यास गाळेधारक ३० दिवसांत भरेल, कमी असल्यास पुढील मासिक रकमेतून वळता केला जाईल. गाळेधारकास हिशेब मिळाल्यापासून ६० दिवसांत मूळ बिले पाहण्याचा हक्क राहील. रिकाम्या गाळ्यांचा हिस्सा मालक भरेल.’

याला कमाल मर्यादेचं एक वाक्य जोडा. सफाई, एएमसी, किरकोळ दुरुस्ती हे तुमच्या हातातले खर्च आहेत, त्यांना वर्षाला ८ टक्क्यांची मर्यादा ठेवा. वीज, डिझेल, टँकर आणि किमान वेतनात झालेली वाढ प्रत्यक्षाप्रमाणे. मर्यादा दिसली की भाडेकरू बाकीच्या अटी लवकर मान्य करतो, हा सौदा मालकाच्या फायद्याचा आहे.

उडीबद्दल: पहिल्या वर्षी ५.५०, दुसऱ्या वर्षी ६.२५, तिसऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष खर्च, अशी पायरी करारातच लिहा. मधल्या दोन वर्षांची तूट नंतर वसूल करणार नाही हेही लिहा, नाहीतर तिसऱ्या वर्षी त्यावरूनच वाद होतो.

काही जण ‘आधार वर्ष’ पद्धत सुचवतील: एका वर्षाचा खर्च भाड्यात धरायचा आणि त्यापुढची वाढच तेवढी घ्यायची. आपल्याकडे यात एक अडचण आहे. आधार वर्षी पाऊस चांगला झाला आणि टँकर लागलेच नाहीत, तर पुढच्या कोरड्या साली टँकरचं पूर्ण बिल ‘वाढ’ म्हणून भाडेकरूच्या गळ्यात पडतं. ही पद्धत घ्यायचीच असेल तर पाण्यासाठी मागच्या तीन वर्षांची सरासरी धरा.

मुद्रांक: ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुदतीतलं एकूण भाडं अधिक अनामत रकमेवर वर्षाला १० टक्क्यांनी येणारं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रु.

हिशेबवही, भुसावळ

खर्च वाटण्याइतकंच तो कमी करणंही तुमच्या हातात आहे, आणि नवे दर सांगण्याआधी ते केलेलं दिसलं तर बोलणं सोपं जातं. वरच्या टाकीला फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप बंद करणारा) लावा. रात्री पंप चालू राहून टाकी वाहते, तेव्हा टँकरचं पाणी आणि वीज दोन्ही गटारात जातात. जिन्यात एलईडी आणि टायमर बसवा.

लिफ्टची मशीन रूम मे महिन्यात एकदा दुपारी उघडून बघा. लिफ्टचे ड्राइव्ह (मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) साधारण ४० अंशांपर्यंत नीट चालतात. आपल्याकडे बाहेरच ४५ असतं, आणि तापलेल्या स्लॅबखालच्या बंद खोलीत त्याहून जास्त. ड्राइव्ह ट्रिप होतो, मेकॅनिकच्या फेऱ्या वाढतात आणि कार्ड जळालं तर ते बहुतेक एएमसीत बसत नाही. एक एक्झॉस्ट फॅन, समोरच्या भिंतीला जाळीची खिडकी आणि स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग, एवढं करून घ्या.

अग्निशमनाचं फॉर्म बी प्रमाणपत्र (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं) वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्याच महिन्यांत परवानाधारक एजन्सीकडून तपासणीही करून घ्या आणि तिची पावती वार्षिक हिशेबाच्या फाइलीत पहिल्या पानावर लावा. क्लास आणि क्लिनिकवाले सगळ्यांत आधी तीच मागतात.