मदत हवी आहे: ट्रामाडॉलची सवय, १५ दिवस केंद्रात कोंडायचं की औषध सुरू करायचं? (तासगाव)

समुपदेशक_तासगाव

तालुक्यातल्या एका कुटुंबाला सल्ला द्यायचा आहे. पेशंट ३२ वर्षांचा, ट्रकवर ड्रायव्हर. कंबरदुखीसाठी सुरू झालेली ट्रामाडॉल ५० मिग्रॅची कॅप्सूल आता दिवसाला १० ते १२ लागते. सुई नाही, दारू अधूनमधून. बंद केली की दुसऱ्या दिवशी जांभया, नाक-डोळे वाहणं, जुलाब, पायात कळा. तिसऱ्या दिवशी पुन्हा गोळी. घरच्यांना त्याला १५ दिवस कोंडून विषय संपवायचाय. ब्युप्रेनॉर्फिनचं (ट्रामाडॉलऐवजी जिभेखाली द्यायच्या औषधाचं) नाव काढलं की चुलते म्हणतात, "एक नशा सोडवून दुसरी लावताय." त्यांना काय सांगू? आणि सुरुवात नेमकी कशी होते?

मनोविकार_मिरज

ताई, आधी रिकाम्या पट्ट्या मागवून घ्या. आपल्याकडे 'नशेच्या गोळ्या' म्हणून झोपेच्या गोळ्याही खपतात. त्या चालू असतील तर उपचार वेगळा, आणि त्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. इथे तर नुसत्या ट्रामाडॉलचाच डोस ५०० ते ६०० मिग्रॅ होतोय. ४०० च्या पुढे फिटचा धोका वाढतो, त्यामुळे आज त्याला स्टेअरिंगवर बसू देऊ नका. कधी फिट आली होती का, तेही विचारा.

१५ दिवस कोंडण्यातली खरी भीती सुटल्यानंतरची आहे. तोवर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, तलफ मात्र तशीच. बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो, वर दारू, आणि श्वास मंदावतो. नुसतं डिटॉक्स (शरीरातून नशा उतरवणं) करून सोडलेल्या पेशंटचे मृत्यू याच काळात जास्त होतात.

चुलत्यांना असं सांगा: ट्रामाडॉल दिवसातून चारदा चढतं-उतरतं, आणि माणूस त्यामागे धावत राहतो. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतली तीच जागा घट्ट धरतं, पण अर्धवटच चालवतं. परिणाम दिवसभर एकसारखा राहतो. ठरावीक मर्यादेपुढे डोस वाढवला तरी श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मेथाडोन या अशाच दुसऱ्या औषधासोबत हे २००५ पासून आहे.

सुरुवातीला चूक होते ती वेळेची. ट्रामाडॉलचा अंमल असताना ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी दिली तर ती ट्रामाडॉलला ढकलून बाहेर काढते, आणि तासाभरात उलट्या, जुलाब, तगमग असा प्रचंड त्रास होतो. मग पेशंट पुन्हा फिरकत नाही. म्हणून शेवटच्या कॅप्सूलनंतर किमान १२ तास जाऊ द्यायचे. नाडी, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, अंगावर काटा अशी ११ लक्षणांची तपासयादी असते, तिला कॉव्ज म्हणतात. गुण १२ च्या पुढे गेले की २ मिग्रॅ, तास-दोन तास बघून पुन्हा २. पहिल्या दिवशी साधारण ४ ते ८. पुढच्या काही दिवसांत डोस बसवायचा. बहुतेकांना ८ ते १६ मध्ये स्थिरता येते. तलफ उरली असेल तर डोस कमी पडतोय. तिथे पेशंटला दोष देऊ नये.

किती दिवस? वर्षभर तरी, अनेकांना त्याहून जास्त. घाईने कमी केलेला डोस हेच पुन्हा घसरण्याचं मोठं कारण.

फार्मसी_विश्रामबाग

गोळीत ब्युप्रेनॉर्फिन २ मिग्रॅसोबत नॅलोक्झोन (अशा औषधांचा असर उतरवणारा उतारा) ०.५ मिग्रॅ असतं. जिभेखाली नॅलोक्झोन फारसं शोषलं जात नाही. कुणी विरघळवून टोचलं तरच ते आडवं येतं. ही गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्रातूनच मिळते.

घेताना तोंड ओलं करून गोळी जिभेखाली, ५ ते १० मिनिटं. बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही, चहा नाही. गिळली तर औषध बहुतांश वाया जातं. आणि आपल्याकडे हमखास राहून जाणारी गोष्ट: तंबाखूचा बार. गालात तंबाखू असली की शोषण घटतं, मग "गोळीला दम नाही" अशी तक्रार येते. आधी चूळ भरून तोंड स्वच्छ करायचं, पुढे अर्धा तास तंबाखू नाही. विरघळल्यावर पाण्याने खळखळून घ्या, दात तासाभराने घासा.

समुपदेशक_तासगाव

मिरजेला कधी न्यावं? पोलीस केसची भीती आहे.

मनोविकार_मिरज

शासकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात आधी फोन करून गोळी उपलब्ध आहे का विचारा. नसेल तर १४४४६ या हेल्पलाइनवर जवळचं केंद्र कळेल. ओपीडीच्या आदल्या रात्री ९ ला शेवटची कॅप्सूल, सकाळी १० ला दारात. गाडी दुसऱ्याने चालवायची. आधारकार्ड आणि त्या रिकाम्या पट्ट्या सोबत.

ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात आहे, पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. खासगी केंद्र बघितलंच, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी बघा आणि मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात ते विचारा. साखळीने बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंद आहे. तसं दिसलं तर पेशंटला तिथे ठेवू नका.

कंबरदुखीचा उपचार त्याच आठवड्यात सुरू करा. दुखणं राहिलं तर कॅप्सूल परत येईल.

फार्मसी_विश्रामबाग

घरी न्यायच्या गोळ्या कुलपात. लहान मुलाचा श्वास एका गोळीनेही थांबू शकतो. कुणी उठत नसेल, बाहुल्या टाचणीएवढ्या, ओठ निळे दिसले तर कुशीवर वळवा आणि १०८. दवाखान्यात नॅलोक्झोनने शुद्ध आली तरी लगेच घरी आणू नका, त्याचा असर अर्ध्या-दीड तासात उतरतो.