मदत हवी आहे: पोस्टरांच्या फायलींनी आयनोड कोटा (फायलींच्या संख्येची मर्यादा) भरत आलाय

मराठी सिनेमा-नाटकांच्या परीक्षणांची छोटी साइट, वर्डप्रेस, शेअर्ड होस्टिंग. जागा निम्मी रिकामी, पण फायलींची संख्या अडीच लाखांपैकी २,३१,००० वर गेलीय. कारण उघड आहे: एक पोस्टर चढवलं की मूळ फाईल, २५६० पिक्सेलची ‘स्केल्ड’ (लहान केलेली) प्रत, मग १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ आणि वर थीमचे चार आकार. फोटोमागे डझनभर!

थीमचे आकार बंद केले. स्टेजिंगवर (साइटच्या चाचणी-प्रतीवर) डब्ल्यूपी-सीएलआयचं, म्हणजे वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाचं, ‘मीडिया रीजनरेट’ ‘डिलीट-अननोन’ (बंद केलेल्या आकारांच्या फायली काढणारा पर्याय) लावून चालवलं. फायली उडाल्या, पण जुन्या लेखांच्या मजकुरात ‘-६४०×३६०’ असे पत्ते थेट चिकटवलेले आहेत, तिथे आता ४०४ (फाईल सापडत नाही).

सर्च-रिप्लेसने तो शेपटा कापला तर तीन-चार एमबीची मूळ पोस्टरं मोबाईलवर उतरतील. १०२४ चा लावावा, तर उभ्या पोस्टरचा ६८३×१०२४ होतो, आडव्या स्टिलचा १०२४×५७६. एकच रेजेक्स (शोधायचा नमुना) चालत नाही.

इमेज टॅगमधल्या ‘डब्ल्यूपी-इमेज’ क्रमांकावरून (फोटोचा वर्डप्रेसमधला क्रमांक) मेटाडेटातला, म्हणजे त्या फोटोच्या नोंदीतला, खरा पत्ता शोधून मजकुरात बदलणारी स्क्रिप्ट कुणी वापरलीय का? ज्या टॅगांवर तो क्रमांकच नाही, त्यांचं काय केलंत? मोठा प्लॅन घ्या, हे उत्तर कृपया नको. बॅकअप घेतलेला आहे.